म्हातारीसाठी बंदूक

बंदूक घ्यायची तर आधी ती उचलणार कोण ते बघावं. नळी, किंमत, बनावट सगळं मागाहून. हे मला माझ्या बायकोने शिकवलं. मी स्वतः जन्मात एकदाच बार काढला. तो फणसाला लागला.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत. ओमानात आलो तेव्हा मिशी काळी होती. ही गोष्ट घडली तेव्हा विंचरण्यासारखं काही उरलं नव्हतं. इब्र्याला अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, वर्कशॉपमध्ये दारं-खिडक्या करायचो. बिदबिदकडून येणारा रस्ता तेव्हा रुंद करत होते आणि त्याचा सगळा धुरळा आमच्या ओल्या पॉलिशवर येऊन बसायचा. त्याच वर्षी गणपतीच्या आधी माझी बायको गावी वारली. ताप आला म्हणून तालुक्याला नेली, परत आणली ती तशीच. मी विमानाने मुंबईला, तिथून गाडीने गावाला पोचलो, तर राख सावडायची राहिली होती. तेवढी सावडली. तेराव्यानंतर परत आलो. लोक म्हणाले, आता कशाला जातोस? मी म्हटलं, इथे कशाला राहू?

लेक तिकडेच, मस्कतमध्ये अझैब्याला असते. जावई ऑफिसात. ती म्हणाली, बाबा, काम सोडा, आमच्याकडे राहा. राहून बघितलं. घर चांगलं, एसी चांगला. नातवंडं आपसात इंग्रजी बोलायची आणि माझ्याशी मराठी बोलायची वेळ आली की आईकडे बघायची. मी सोफ्यावर बसून पडद्याच्या दांडीचे स्क्रू कुठे ढिले आहेत ते बघायचो. सगळे घट्ट केले आणि इब्र्याला परतलो.

तर बंदुकीचं. आमच्या सिंधुदुर्गात घरोघर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका असतात. रानडुकरं भात लोळवतात, माकडं नारळ पाडतात, म्हणून सरकार परवाना देतं. आमच्या घरचा परवाना आधी वडिलांच्या नावावर होता, मग माझ्या. मी ओमानात. म्हणजे कागदावर बंदूक माझी, आणि डुकरांना माहीत असलेली बंदूक हिची, बायकोची. निवडणूक आली की सगळ्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. ही आमची बंदूक लुगड्यात गुंडाळून एसटीतून न्यायची. कंडक्टर विचारायचा, "काय गो, मुसळ काय?" ही म्हणायची, "होय, तुमच्या सासयेक देऊक जातंय."

रानात नेम लागायचा, पण खांदा काळानिळा व्हायचा. एका रजेत मला म्हणाली, "दस्तो लांब आसा. माजो हात पोचाक नाय." मी हिच्या कोपराच्या खोबणीपासून चापाच्या बोटापर्यंत माप घेतलं. बारा इंच भरलं. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतं ते मागचं लाकूड, बारावर कापला, रंधा मारला, तळाला सायकलच्या टायरचा तुकडा बसवला. त्यानंतर खांद्याची तक्रार नाही. रजा संपली की मी इकडे यायचो, बंदूक तिकडे राहायची. हिच्या तेराव्यानंतर ती मी ठाण्यात कायमची जमा केली. हवालदार म्हणाला, "चालवणारं कोणी नाही?" मी म्हटलं, "नाही." त्याने पावती दिली.

ओमानात परत येऊन थोडे महिने झाले असतील, अर्बाब वर्कशॉपमध्ये आला. अर्बाब राहतो मस्कतजवळ बौशरला, मोठं घर, पण त्याची आई इब्र्याबाहेर जुन्या बागेत एकटी राहायची. खजुराची झाडं, थोड्या बकऱ्या, एक विहीर. नवरा गेल्यापासून म्हातारी तिथेच. त्या हिवाळ्यात वादीतून, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून, मोकाट कुत्र्यांची टोळी यायला लागली. बकऱ्या फाडल्या. म्हातारी काठी घेऊन धावली तर एक कुत्रं तिच्यावरच उलटलं, कपडा फाटला. अर्बाबने सांगितलं, खलास, आता बौशरला चल. म्हातारीने सांगितलं, मी मेले की ने. तोपर्यंत बंदूक आण.

बरीच हुज्जत झाली असणार. शेवटी ठरलं ते असं: बंदूक आणायची. म्हातारीला ती नीट पेलली आणि चालवता आली तर ती बागेत राहील. नाही पेलली तर बकऱ्या विकायच्या, घराला कुलूप, आणि म्हातारी बौशरला चौथ्या खोलीत. अर्बाबने ती खोली रंगवूनसुद्धा घेतली होती.

"नज्जार," अर्बाब मला म्हणाला. सुताराला ते नज्जार म्हणतात. "तू बंदुकीच्या घरचा आहेस म्हणे."

हे त्याला आमच्या पिकअपवाल्याने सांगितलं होतं. पिकअपवाला रत्नागिरीकडचा मुसलमान, आमचा माल पोचवायचा. आपल्या बाजूचा माणूस म्हणून माझा मोठेपणा सांगत फिरायचा.

"घरचा आहे, पण चालवायची बायको," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मी फणस पाडला एकदा."

अर्बाब हसला. "मला पण बाईसाठीच घ्यायची आहे. चल मस्कतला."

"अर्बाब, परवाना?"

"परवाना माझा, बाग माझी, आई माझी. तू चल."

आमच्या गावातही परवान्याचा अर्थ असाच लावतात, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

दुकान थंड होतं आणि बंदुका कपाटात कपड्यांसारख्या उभ्या. दुकानदार तरुण, अंगात पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा. मला म्हणाला, "बसून बघ. हात लावायचा तो परवानेवाल्याने." बरोबर होतं. मी खुर्चीत बसलो. अर्बाबने आल्या आल्या एक काळी, पाच काडतुसांची, आपोआप भरणारी बंदूक उचलली आणि आरशात बघितलं. ती त्याला शोभत होती, यात वाद नाही.

"पाच!" अर्बाब म्हणाला.

"पहिल्या आवाजाला सगळी कुत्री पळणार," मी म्हटलं. "उरलेले चार बार कुणाला?"

दुकानदार म्हणाला, "मजबूत आहे. फक्त साफ ठेवायला लागते."

"बागेत धूळ किती ते तुम्हाला माहीत आहे. साफ कोण करणार? अम्मा?"

अर्बाबने काळी बंदूक परत ठेवली, पण एकदम ठेवली नाही, थोडी थोडी ठेवली.

मग दुनळी काढली. लाकूड देखणं होतं, आक्रोडाचं, शिरा अशा की मी खुर्चीतून उठलो. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मी परत बसलो. दुनळीला दोन चाप. आमच्या गावी एकाने दुनळी आणली होती तेव्हा ही म्हणाली होती, "दोन नळये आणि बाईलमाणूस एक. डुकर समोर इल्यावर खयचो चाप खयचो तां कोण बघीत रव्हात?" मी अर्बाबला हे हिंदीत सांगितलं. त्याने दुकानदाराला अरबीत सांगितलं. दुकानदार म्हणाला, "कोण म्हणतं?" अर्बाब म्हणाला, "त्याची बायको." दुकानदाराने दुनळी कपाटात ठेवली.

मग एक अगदी हलकी काढली. बायकांसाठी हीच, म्हणाला. इथे मी नाही म्हटलं. बंदूक जेवढी हलकी तेवढी खांद्याला जास्त मारते. बार तोच, तो अडवायला अंगात वजन नको? थोडी जड बरी, फार जड नको. नळी बारा बोअरची नको, वीसची घ्या, आकडा वाढला की नळी बारीक, धक्का कमी. दुकानदाराने मान हलवली. तोही हेच म्हणणार होता म्हणाला. असेल.

शेवटी एकनळी निघाली, वीस बोअर, तुर्कस्तानची, घोडा बाहेर असलेली. म्हणजे बार भरून मागचा घोडा अंगठ्याने ओढायचा, मग चाप. आजकालच्या बंदुकांत घोडा पोटात असतो, उभा आहे की पडलेला कळत नाही. ही नेहमी म्हणायची, "घोडो उभो आसा की आडवो, तां लांबसून दिसाक व्हया." घरात पोरं फिरतात, माणूस विसरतं. अर्बाबने घोडा ओढून बघितला, हळूच सोडला. मला दारातून दिसला असता एवढा स्पष्ट.

"हीच," मी म्हटलं.

दुकानदार म्हणाला, "दस्ता बाईला लांब होईल. आखूड दस्त्यातही ही येते. मागवून देतो, थोडं थांबा."

इथे मी तोंड उघडलं. म्हटलं, "मागवायचं कशाला? मी सुतार बसलोय ना."

दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "कापलेलं परत जोडता येत नाही."

"तीस-चाळीस वर्षं कापतोय," मी म्हटलं. त्याने पुढे काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

म्हातारीच्या हाताचं माप मला घेता येईना. परक्या माणसाने बाईचा हात धरून कोपरापासून माप घ्यायचं, हे तिथे चालत नाही, आणि अर्बाबला लाज वाटली. म्हातारीनेच मार्ग काढला. खजुराच्या काथ्याची बारीक दोरी घेतली, कोपरापासून बोटापर्यंत ताणली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि अर्बाबच्या हातून पाठवली. मी ती माझ्या बाकावर खिळ्याला अडकवली. अर्बाबने बंदूक आणली, माझ्यासमोर दस्ता सोडवला, आणि म्हणाला, "लाकूड तुझ्याकडे, लोखंड माझ्याकडे." परवाना त्याचा, तो बरोबरच होता. नळी घेऊन तो बौशरला गेला.

दस्ता बाकावर राहिला. एरवी मी दार करताना चौकट दहादा मोजतो. त्या दिवशी दुपारी दस्ता शिकंज्यात आवळून धरला, पट्टी लावली, पेन्सिलीने रेघ मारली, करवत चालवली. लाकूड छान होतं, हेही आक्रोडच, कातरलेल्या काकडीसारखं उतरलं. रंधा मारला, रबर बसवलं, पॉलिश केलं, धुरळा बसू नये म्हणून कपडा टाकला. उरलेल्या तुकड्यांबरोबर तो तुकडाही चहाच्या चुलीत घातला. चहा झाला. दोरी खिळ्यावरच होती.

शुक्रवारी आम्ही बागेत गेलो. अर्बाब, पिकअपवाला आणि मी. अर्बाबने दस्ता नळीला जोडला. म्हातारी बाहेर आली. ठेंगणी वाटायची लांबून, जवळून चांगली उंच होती, हाडाने रुंद, हात लांब. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. तेव्हासुद्धा डोक्यात काही आलं नाही.

तिने बंदूक घेतली ती अशी की शिकवायची गरज नव्हती. नवऱ्याची जुनी बंदूक तरुणपणी चालवली होती, म्हणाली. बकऱ्या पलीकडे बांधल्या होत्या. समोर मातीचा ढीग. तिने खांद्याला लावली. मला दिसलं, तिचं तोंड जवळजवळ हातावरच आलं होतं. मी "अम्मा" म्हणेपर्यंत बार झाला.

दस्ता आखूड असला की धक्क्याने आपलाच अंगठा आपल्याच नाकावर बसतो. तसाच बसला. म्हातारी खाली बसली नाही. बंदूक मध्ये वाकवून उघडली, काडतूस काढलं, घोडा बघितला, मग नाकाला ओढणी लावली. ओढणी लाल झाली.

अर्बाब पांढरा पडला. "खलास! आई, सामान बांध. आत्ता बांध!"

"गप्प," म्हातारी म्हणाली. तिने दस्ता स्वतःच्या कोपराशी धरला. बोट चापाच्याही पुढे गेलं. मग माझ्याकडे वळली. कामापुरती अरबी मला कळायची. "ए नज्जार. मी दोरी पाठवली होती."

"हो, अम्मा."

"मिळाली?"

"खिळ्याला आहे."

"मग हा हात कुणाचा?"

तेव्हा मला कळलं मी कुठे कापलं ते. बारावर. पट्टी लावताना मी दोरीकडे बघितलंच नव्हतं. दस्ता म्हटल्यावर बारा, एवढंच हाताला ठाऊक होतं.

"माझ्या बायकोचा," मी म्हटलं.

अर्बाबने पिकअपवाल्याकडे बघितलं. पिकअपवाला बकऱ्यांकडे बघायला लागला.

"कुठे आहे ती?" म्हातारीने विचारलं.

"वारली. आत्ताच."

"अल्ला यरहम्हा." ओढणीतून बोलत होती, आवाज बसका यायचा. "इतकी लहान होती?"

"हात आखूड होते."

"बंदूक चालवायची?"

"माझ्यापेक्षा बरी."

म्हातारीने ओढणी नाकावरून काढली, बघितली, परत लावली. "ते अवघड नाही," म्हणाली.

अर्बाब काही ऐकेना. त्याचं म्हणणं, ठरलं ते ठरलं, पेलली नाही, आता बौशर. म्हातारीचं म्हणणं, मला दिलेली बंदूक दुसऱ्या बाईची आहे, मला माझी दे आणि मग बोल. दोघं अरबीत इतक्या जोरात बोलायला लागली की बकऱ्या ओरडायच्या थांबल्या. शेवटी अर्बाबने पुढचा शुक्रवार दिला. त्यानंतर नाही. पिकअपवाल्याला म्हणाला, तू गाडी रिकामी घेऊन ये, सामान न्यायचं आहे. म्हातारीने ते ऐकलं आणि विहिरीकडे गेली नाक धुवायला.

परत येताना पिकअपवाला म्हणाला, "मेस्त्री, जन्मभर बायकोला सोडून इकडे राहिलास, आणि आता अरबाच्या बंदुकीत तिला घुसवलीस?"

अर्बाबने परत सोडवून दिलेला दस्ता मी मांडीवर कपड्यात गुंडाळला. त्यालाही मग कळलं असावं. त्याने रेडिओ लावला, बातम्या अरबीत होत्या, तरी दोघांनी इब्र्यापर्यंत ऐकल्या.

कापलेला तुकडा जळला होता. आक्रोडाचं लाकूड इब्र्यात कुठून आणू? घाफचा एक वाळलेला ठोकळा होता, इथल्याच झाडाचा, कठीण, करवतीला दाद न देणारा. तो घेतला. यावेळी पट्टी पेटीतच ठेवली. दोरीची एक गाठ चापाच्या जागी दोऱ्याने बांधली आणि दुसरी गाठ जिथे आली तिथे खूण केली. मागून दोन लांब स्क्रू, मध्ये लाकडाची खुंटी, गोंद, वर रबर. पुढे लाल आक्रोड, मागे पिवळट घाफ. नव्या सदऱ्याला जुन्या कापडाची बाही लावावी तसं दिसत होतं. घासून घासून मी जोड असा केला की बोट फिरवलं तर कळू नये. दिसायचं ते दिसणारच.

कापताना हिचा विचार आला नव्हता. जोडताना आला. पण जोडताना हात मोकळा नसतो, शिकंजा आवळायचा असतो, म्हणून काम थांबलं नाही.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गेलो तर म्हातारीचं सामान दारात होतं. एक लाकडी पेटी, पितळी फुल्यांची, जुन्या पद्धतीची; चटया; पातेली. अर्बाब सकाळीच येऊन बांधून बसला होता. पिकअपवाल्याने आणि मी पेटी गाडीत चढवली, कारण अर्बाबने सांगितलं. पेटी इतकी जड की पिकअपवाला म्हणाला, "म्हातारीने विहीर पण भरली काय आत?" म्हातारी ओट्यावर उभी राहून बघत होती. नाकावर निळा डाग होता.

"झालं तुमचं?" ती म्हणाली. "आता बंदूक द्या."

अर्बाबने दस्ता जोडला. घाफच्या तुकड्याकडे बघून माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. त्याने बागेच्या भिंतीवर दूध पावडरचा रिकामा डबा ठेवला. मातीचा ढीग नको, म्हणाला, कुत्रं ढिगाएवढं नसतं.

म्हातारीने दस्ता कोपराशी धरून बघितला. काडतूस घातलं. खांद्याला लावली तेव्हा तिचं तोंड हातापासून लांब होतं, मान सरळ. पहिला बार भिंतीत गेला. माती उडाली, डबा तसाच. अर्बाबने गाडीची किल्ली खिशातून काढली.

म्हातारीने दुसरं काडतूस घातलं. घोडा ओढला. थांबली. माझंही बोट चापावर असल्यासारखं वळलेलं होतं हे मला मागाहून कळलं. बार झाला आणि डबा भिंतीपलीकडे गेला.

"वाऱ्याने पडला," अर्बाब म्हणाला.

"मग वाऱ्याला सांग, कुत्र्यांवर लक्ष ठेव," म्हातारी म्हणाली. "मी बौशरला येते."

पिकअपवाल्याने तोंडावर हात ठेवला. अर्बाब भिंतीपलीकडे गेला, डबा घेऊन आला, उजेडात धरला. भोकं होती. त्याने ती मोजली नाही, पण बघितली बराच वेळ. मग आईकडे बघितलं. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, नाकातून रक्त नव्हतं, खांदा चोळत नव्हती. नुसती उभी होती. आपल्या बागेत उभी राहतात तशी.

"हिवाळ्यात तरी येत जा," अर्बाब म्हणाला.

"हिवाळ्यात बकऱ्या वितात."

"मग उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात खजूर उतरतो."

अर्बाबने किल्ली खिशात घातली. "यल्ला," आम्हाला म्हणाला, "उतरवा."

पेटी उतरवताना ती चढवतानापेक्षा जड लागली. पिकअपवाला वाटेत दोनदा अल्लाचं नाव घेऊन थांबला. पातेली अर्बाबने स्वतः आत नेली. मग त्याने म्हातारीला विचारलं, बंदूक ठेवणार कुठे? म्हातारी म्हणाली, दाराच्या मागे, भिंतीला, बकऱ्यांच्या आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. आणि काडतुसं वेगळी, पेटीत, कुलपात. ते मी सांगणार होतो. सांगायची गरज पडली नाही.

मी गाडीतून खुंट्या आणि हातोडी आणली. भिंतीशी उभा राहिलो आणि मापाची पट्टी काढली. मग ती परत खिशात घातली.

"अम्मा," मी म्हटलं, "इथे उभ्या राहा. हात वर करा, जेवढा सहज जातो तेवढाच."

तिने हात वर केला. बोटं जिथे टेकली तिथे मी पेन्सिलीने खूण केली आणि तिला म्हटलं, आता बाजूला व्हा. ती झाली नाही. खुंट्या ठोकून होईपर्यंत शेजारीच उभी राहिली, चूक होते का बघत.